पळून जाण्याचे सोंग

पळून जाणे ही गोष्ट आता दर ठरवून, आगाऊ रक्कम भरून विकत मिळू लागली आहे. अमेरिकेत तिचा रीतसर धंदा झाला आहे. वधूवर दोघेच, सोबत फोटोग्राफर, फार तर एखादा साक्षीदार. युटाच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जायचे, सूर्य मावळताना वाळूच्या कडेवर उभे राहून लग्न लावायचे आणि त्याची चित्रे घ्यायची. कोणत्या महिन्यात ऊन सोसवेल, टेकडीची सावली केव्हा कुठवर येईल, उद्यानाचा परवाना कोणाकडून काढायचा, वाऱ्यावर कोणते वस्त्र चांगले उडेल, हे सारे फोटोग्राफरच ठरवून देतो. याला ते अजून ‘पळून जाणे’च म्हणतात. कोणापासून पळायचे हा प्रश्न तिथे बहुधा उरलेला नाही. फार तर पाहुण्यांच्या यादीपासून. त्यांच्याशी माझे भांडण नाही. नेवाडा राज्यात लग्नाचा परवाना त्याच दिवशी हाती पडतो. ज्या समाजाने दोन प्रौढ माणसांना एवढी मोकळीक दिली, त्याने हौसही करावी.

माझे भांडण आपल्याशी आहे. आपण त्यातली मोकळीक वेशीबाहेर ठेवली आणि चित्रे तेवढी आत घेतली.

आमचे महागाव म्हणजे यवतमाळहून उमरखेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कापसावर आणि सोयाबीनवर जगणारे. इथल्या मांडवातही आता भला मोठा पडदा लागतो आणि अक्षता पडण्याआधी त्यावर ‘प्री-वेडिंग’ नावाचा चित्रपट चालतो. असा एक मी शेवटपर्यंत बसून पाहिला. जैसलमेरजवळच्या सम गावची वाळू. मुलगी लाल ओढणी उडवीत धावते आहे, मुलगा तिचा हात धरून ओढतो आहे, मागून उंटावर कोणी पाठलाग करतो आहे. शेवटी दोघे जीपमध्ये उडी टाकून निसटतात. खाली खुर्च्यांवर दोन्हीकडचे मामा, काका, आत्या टाळ्या वाजवीत होते. वधूपिता शेजाऱ्याला खर्चाचा आकडा सांगत होते. जात एक, पत्रिका जुळलेली, देणेघेणे आधीच उरकलेले, आणि पडद्यावर ही पळापळ!

काही जातींच्या संघटनांनी असल्या चित्रणावर बंदीचे ठराव केले आहेत. त्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. मुलगामुलगी लग्नाआधी एकत्र दिसतात याचा त्यांना त्रास होतो; मला त्रास होतो तो त्या टाळ्यांचा.

कारण त्याच खुर्च्यांवरच्या एखाद्याच्या घरातली मुलगी खरोखरच पळून गेली तर काय होते, हे खेड्यापाड्यांत राहणाऱ्या कोणाला सांगायला नको. योजना तीही करते. तिला मावळतीच्या उजेडाची नाही, वयाच्या दाखल्याची काळजी असते. शाळेची टी.सी. बापाच्या पेटीत सातबाऱ्याच्या कागदांखाली असते, ती महिनाभर आधी हलवावी लागते. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण झाल्याचा कागद हाती नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. मग ओळखीचे कोणी चढणार नाही अशी पहाटेची एस.टी. हेरायची, अंगावर रोजचाच पोशाख ठेवायचा, फोन बंद करायचा. संध्याकाळी बाप ठाण्यात हरवल्याची नोंद करतो आणि रात्रीपर्यंत तिचा ओळखपत्रावरचा फोटो तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर पोचलेला असतो. खाली उंची, रंग, ओढणीचा रंग. दोनचार दिवसांनी दुसरा फोटो येतो, पुष्कळदा आळंदीहून. मुंडावळ्या, स्वस्तातले हार, आणि हसायचे विसरलेले दोन चेहरे. हा फोटो हौसेचा नव्हे, पुराव्याचा. तो ठाणेदाराच्या फोनवर जातो, की मी सज्ञान आहे, आपखुशीने आले आहे, माझा शोध थांबवा. (ज्या आळंदीने ज्ञानेश्वरांच्या आईबापांना वाळीत टाकले तिथेच आज वाळीत पडू पाहणाऱ्यांची लग्ने लागतात. काळ असाही सूड उगवतो.)

आणखी एका तऱ्हेचा फोटो आहे. २०२१ च्या डिसेंबरात वैजापूर तालुक्यात, काही महिन्यांपूर्वी पळून जाऊन लग्न केलेल्या एका मुलीचा तिच्याच माहेरच्यांनी शिरच्छेद केला आणि त्या शिरासह फोटो काढला, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. जो समाज पडद्यावर पळणाऱ्या मुलीला टाळ्या देतो त्याच समाजातली ही गोष्ट आहे. यापुढे मी त्याविषयी लिहू शकत नाही.

‘पण आता कायदा त्यांच्या बाजूने आहे ना?’ असे सुशिक्षित माणसे मला विचारतात. आहे, अर्धा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात घरच्यांनी, जातीने वा पंचायतीने पडण्याचे कारण नाही, आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावेत. उत्तम! पण दोघांचे धर्म वेगळे असले आणि कोणालाच धर्म सोडायचा नसला, तर बहुधा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याकडेच जावे लागते. त्या कायद्याचे पाचवे, सहावे आणि सातवे कलम एकदा वाचून पाहावे. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असले पाहिजे. मग नोटीस द्यायची. ती कचेरीत ठळक जागी लावली जाते; नोंदवही कोणीही फुकट चाळावी; कोणीही हरकत घ्यावी. कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची एक प्रत तिकडच्या कचेरीतही लागते. म्हणजे मुलगी जिथून जीव मुठीत धरून निघाली, नेमक्या त्याच जिल्ह्याला सरकार तिचा पत्ता कळवते! हे तीस दिवस तिने कुठल्या खोलीत, कोणाच्या पैशावर काढायचे? कापूस वेचून मजुरी मिळवणाऱ्या पोरीला विचारा.

इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यात हीच मुदत चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारताने ती दुपटीहून अधिक केली. यावर कोणी व्याख्यान देत नाही.

नोटीस फसवणूक टाळण्यासाठी आहे, आधीचे लग्न लपवणारे तिने पकडले जातात, असे समर्थन केले जाते. हा युक्तिवाद मी गंभीरपणे घ्यायला तयार आहे. घेणाऱ्यांनी मात्र तो शेवटापर्यंत न्यावा. हिंदू विवाह कायद्याने, १९५५ च्या, सप्तपदी घालणाऱ्यांवर अशी नोटीस कधी लादली नाही. मुसलमानांच्या निकाहलाही ती नाही. मग मांडवात फसवणूक होत नाही की काय? पहिली बायको गावी ठेवून दुसरीच्या गळ्यात हार घालणारे वाजतगाजतच घालतात. लबाडी पकडायची असेल तर सर्वांचीच नावे भिंतीवर लावा. जैसलमेरला जाऊन आलेल्यांचीही लावा, तीस दिवस, आणि शेजारच्या गावातल्या कोणाही टग्याला हरकत घेऊ द्या. मग पाहू किती काका टाळ्या वाजवतात.

आणि हे विदर्भात घडावे याचे मला विशेष वाटते. पळून जाण्याची आखीव योजना म्हणून आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत जुनी गोष्ट इथल्याच मुलीची आहे. वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची रुक्मिणी. भाऊ शिशुपालाला देऊ पाहतो, म्हणून ती स्वतः पत्र लिहिते, ब्राह्मणाहाती द्वारकेला धाडते, आणि नुसता हंबरडा फोडीत नाही. भागवतात तिची व्यवहारदृष्टी पाहण्यासारखी आहे. अंतःपुरातून मला न्यायचे तर माझे आप्त मारावे लागतील. त्यापेक्षा लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नवरी नगराबाहेर जाते, तिथे ये. वेळ तिची, जागा तिची, आणि रक्त कमी सांडावे ही इच्छाही तिचीच. भाऊ पाठलाग करतो. त्याचा जीव वाचावा म्हणून विनवणी तीच करते. अमरावतीच्या अंबादेवीला आजही ही जागा म्हणून हात जोडले जातात. कौंडिण्यपूरची पालखी दर आषाढीला पंढरीला जाते. वाळवंट म्हटले की मराठी माणसाला आधी राजस्थान नव्हे, चंद्रभागा आठवते, आणि त्या वाळवंटापासून हाकेच्या अंतरावर पळून गेलेली आमची ही मुलगी माउली होऊन उभी आहे. तिच्यापुढे डोके टेकून परतलेला बाप घरी येऊन पोरीचा फोन तपासतो.

उत्तर प्रदेशात अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत ठरवून दिले की वधूवरांनी लेखी मागितले तरच नोटीस प्रसिद्ध करावी. तेवढे तरी महाराष्ट्राने करावे; खरे तर ही दोन्ही कलमे, सहावे आणि सातवे, संसदेने काढूनच टाकावीत. न्यायालयांच्या भरवशावर किती बसायचे? केरळातल्या एका स्त्रीने तो प्रयत्न केला होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्ज फेटाळला. कारण तोवर तिचे लग्न होऊन गेले होते. आता तुम्हाला झळ पोचत नाही, असे तिला सांगण्यात आले.