यंत्रबुवा, बरे आहात ना?

मंडळी, 'तू तिकडे नेमकं करतोस काय?' असा प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा आमची पंचाईत होते. मोजमापाची यंत्रं टेबलावर मांडायची, कॉम्प्युटरकरवी त्यांना कामाला लावायचं आणि ती काम करताहेत की रुसून बसलीत हे लांबून ओळखायचं, हा आमचा पोटापाण्याचा उद्योग. यात हुकूम सोडणं सोपं, हालहवाल कळणं कठीण.

हेवलेट-पॅकार्ड कंपनीने यंत्रं एका केबलने जोडायची पद्धत काढली. १९७५ साली तिचं 'आयईईई ४८८' हे मानक झालं. कॉम्प्युटर धरून पंधरा उपकरणं एका माळेत! पण प्रत्येकाची बोली निराळी. १९८७ साली मानकाला जोड मिळाली आणि सर्वांना एकाच पद्धतीची 'स्टेटस बाइट' आली. ती म्हणजे आठ दिव्यांची पाटीच समजा. एक दिवा सांगतो 'उत्तर तयार आहे', दुसरा 'काहीतरी घडलंय, नोंदवही बघा', तिसरा 'साहेब, जरा इकडे लक्ष द्या'. नोंदवहीची गंमत अशी, की ती एकदा वाचली की आपोआप पुसली जाते. म्हणून वाचणाऱ्याने लगेच टिपून ठेवायचं.

खुशाली कळायचे मार्ग दोन. पहिला, 'झालं का, झालं का' असं सारखं विचारत राहणं. दुसरा, यंत्रानेच हाक मारणं. त्यासाठी केबलमध्ये एक तार राखीव असते. तिच्यावर हाक आली की कॉम्प्युटर एकेकाला विचारून कोण बोलावतंय ते शोधतो. मात्र कोणत्या कारणासाठी हाक मारायची, याची यादी आपण आधी द्यावी लागते. यादी दिली नाही तर यंत्र आतून बिघडलं तरी गप्प राहतं. गप्प म्हणजे ठीक, असं समजणारा फसतो.

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. इथे चेशायरमधल्या जॉड्रेल बँकेहून चालणाऱ्या दुर्बिणी तर एकमेकींपासून २१७ किलोमीटरपर्यंत लांब आहेत. प्रत्येकीची विचारपूस मध्यवर्ती खोलीत बसून होते.

आता आपल्या घरचं बघा. रविवारी फोन केला की आई-बाबांचं उत्तर ठरलेलं, 'आमचं सगळं छान आहे, तुम्ही काळजी करू नका.' प्रश्न मोघम, म्हणून उत्तरही मोघम. त्यापेक्षा पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा यादी करून या. पडलात, डॉक्टरांनी गोळी बदलली, रात्री दवाखान्यात जावं लागलं, तर इथे किती वाजले असतील याचा विचार न करता फोन करायचा. एक किल्ली शेजाऱ्यांकडे, त्यांचा नंबर आपल्याकडे. आणि फोनवर 'बरे आहात ना?' ऐवजी 'आज जिना चढलात का? साखर किती आली?' असं विचारावं. उत्तर आलं की लिहून ठेवावं.

हो, आणि यादी दोन्हीकडून हवी. इथली नोकरी गेली, तब्येत बिघडली, तर आपणही 'मजेत आहोत' म्हणूनच फोन ठेवतो. त्यांच्या लेखी आपणसुद्धा लांबचं यंत्रच की!