वस्ती बरी नाही म्हणजे काय?

बिद्रीच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर-गारगोटी रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातो. याच दिवसांत त्या भागातले आमच्या परिचयाचे एक जोडपे आमच्याकडे आले. आयुष्यभर मजुरी करून त्यांनी चार पैसे गाठीला बांधले आहेत. मुलगी कोल्हापुरात नर्सिंग शिकते, रोज संध्याकाळच्या एसटीने परत येते. आता दोन गुंठे जागा घेऊन घर बांधायचे, एवढीच इच्छा.

जागा दोन पाहिल्या होत्या. एक एसटी थांब्यापासून जवळ, पण पलीकडच्या माळावर ऊसतोड मजुरांची पालं पडतात. दुसरी आत शेतात. तिथे "चांगल्या लोकांची कॉलनी होणार" असे एजंट सांगत होता. वहिनींचे मन दुसरीकडे ओढत होते. त्या म्हणाल्या, "पालं पडत्यात तिथं. वस्ती बरी न्हाई म्हणत्यात. पोरगी सांजची यायची कशी?"

आईची ही काळजी आम्ही हसण्यावारी नेणार नाही. परंतु "वस्ती बरी नाही" हे शब्द ऐकून आम्ही थबकलो. बंधू-भगिनींनो, हे शब्द आपल्याला नवे आहेत काय? पिढ्यान् पिढ्या ते आपल्याबद्दलच बोलले गेले. 1917 साली अमेरिका आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. खरी ओळख कळताच काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. त्या माणसांनाही आपली जागा बाटते, असेच वाटत होते ना?

इंग्रज सरकारने 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण रस्त्याकडेला पाल दिसले की पिशवी सावरणारा आपला हात अजून तसाच आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलता येते. मनातली पाटी ज्याची त्यानेच पुसायची असते.

म्हणून आम्ही वहिनींना म्हणालो, "चला, स्वतः पाहू." दोन्ही जागा आम्ही एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठ वाजता पाहिल्या.

माळावरची माणसे मराठवाड्यातून आलेली. बायका पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडावर जातात, सांजेला चूल पेटवतात, अंगावर दागिना नाही आणि दाराला कडी नाही. एका बाईने वहिनींनाच विचारले, "बाई, हितली माणसं चांगली हायत ना? आमची पोरं दिवसभर एकली असत्यात." वहिनी गप्प झाल्या. भीती तर त्या पालातही होती, आणि ती आपल्याबद्दल होती!

दुसऱ्या जागेवर रात्री दिवा नाही, दोन्ही बाजूंनी उंच ऊस आणि बैलगाडीची वाट. एजंटाने आधी आडनाव विचारले, मग "मालकाला विचारून सांगतो" म्हणाला. कागद मागितले तर नोटरीचा एक स्टॅम्पपेपर पुढे केला.

एका गोष्टीची आम्हालाही लाज वाटली. ज्या मुलीसाठी एवढी चर्चा, तिला कोणी विचारलेच नव्हते. विचारल्यावर ती म्हणाली, "मला पालांचं भ्या न्हाई. थांब्यापासनं वळणापर्यंत लाइट न्हाई, त्याचं भ्या हाय." तेवढ्यासाठी ग्रामपंचायतीकडे दिव्याचा अर्ज गेला आहे.

जागा घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे ध्यानात ठेवावे. रस्ता, दिवा, पाणी, शेजार आणि एसटी थांबा रात्रीच्या वेळी जाऊन पाहावा. घरातल्या बायका-मुलींना आधी विचारावे. सातबारा स्वतः काढून इतर हक्कात बोजा किंवा वाद आहे का ते वाचावे. "भोगवटादार वर्ग 2" असा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउट मागावा. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीतला गुंठा-दोन गुंठ्यांचा व्यवहार अनेकांच्या अंगलट आला आहे. अलीकडे शासनाने नियम सैल करण्याची पावले टाकली असली, तरी आपल्या गट नंबरला ती लागू आहेत का, हे तलाठी आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारावे. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे! खरेदीखत नोंदवावे आणि फेरफार होऊन सातबारावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

जागा घेतल्यावर कोणी जातीवरून कब्जात आडवे आले किंवा बहिष्कार घातला, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि 2016 चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या पाठीशी आहे. घाबरून जागा विकू नका.

आमच्या या जोडप्याने आतल्या जागेचा नाद सोडला. थांब्याजवळच्या जागेचे कागद वकिलाकडे दिले आहेत, ते साफ निघाले तरच बयाणा. परवा वहिनी भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "माळावरच्या त्या बाईचं पोरगं तापलं हुतं. दवाखाना कुठला, ते आमच्या पोरीनं दाखवलं."

घर अजून बांधायचे आहे. शेजार मात्र त्यांनी आधीच जोडला आहे. समाजबांधवांनो, आपल्याबद्दल जे बोलले जाऊ नये असे आपल्याला वाटते, ते दुसऱ्याच्या वस्तीबद्दल आपल्या तोंडून निघू देऊ नका.

जयभीम!