विजयदुर्गाचा तट आणि आपली जबाबदारी

मा. महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली



ऑगस्ट 2020 मध्ये मुसळधार पावसात देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्याच्या तटाचा एक भाग ढासळला, हे आपणांस नव्याने सांगायला नको. बातम्या आल्या, पाहण्या झाल्या, दुरुस्तीची आश्वासने मिळाली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने देवगडचा किनारा झोडपला. तेव्हापासून आजवर तटाचे नेमके किती काम झाले, त्यावर किती पैसा खर्च झाला आणि किती काम बाकी आहे, याचा हिशेब आपण लोकांपुढे ठेवाल का?

तट एका रात्रीत पडत नाही, हे आपले अभियंते जाणतात. जांभ्याच्या चिऱ्यांना खारा वारा खातो. सांध्यांतला चुना निघून जातो, तिथे पिंपळ रुजतो आणि त्याची मुळी दोन चिरे फाकवते. फांजीवरचे, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरचे, पाणी वाहून जायला वाट नसली की ते तटाच्या पोटात उतरते, आतली भर भिजून फुगते आणि भिंत बाहेर ढकलली जाते. खालून उधाणाच्या लाटा पाया पोखरतच असतात. हे सारे पडझडीच्या कितीतरी आधी डोळ्यांना दिसते. पिंपळाचे रोप बोटाएवढे असताना उपटायला कोणता निधी लागतो? पाण्याच्या वाटा मे महिन्यात मोकळ्या करायला कोणाची मंजुरी हवी? मग दरवर्षी ही कामे करण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, ते तरी आम्हांला कळू द्या.

प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यानुसार हा किल्ला आपल्या ताब्यात आहे. वास्तूला इजा करणाऱ्या नागरिकाला तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, असे आपले निळे फलक बजावतात. ते योग्यच आहे. पण देखभाल न झाल्यामुळे तट कोसळला, तर जाब कोणाला विचारायचा? गावकऱ्याने स्वतः एक चिरा उचलून जागेवर बसवायचा म्हटला तर कायदा आडवा येतो. आम्हांला हात लावू देत नाही, तर आपले हात वेळेवर पोहोचले पाहिजेत.

याच विजयदुर्गावर, म्हणजे तेव्हाच्या घेरियावर, फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तोफा डागल्या. आंग्र्यांचे आरमार खाडीत जळाले, तरी तट उरला. तोफांना पुरून उरलेली ही भिंत साचलेल्या पाण्याने पडावी, याचा आम्हांला संताप येतो.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार सागरी दुर्ग त्यांत आहेत. आनंद आम्हांलाही झाला. मात्र त्या यादीत नाव घालताना जगापुढे जतनाची हमी द्यावी लागते. सत्काराचे हार स्वीकारताना ती हमी आपल्या लक्षात होती ना?

आमची मागणी मोठी नाही. येत्या पावसाळ्याआधी संपूर्ण तटाची, भरतीच्या रेषेखालच्या पायासह, पाहणी करावी. धोक्याच्या जागा, कामाची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद मराठीत लिहून किल्ल्याच्या दरवाजाशी लावावे. दुरुस्ती चुन्यातच व्हावी, सिमेंटचे लिंपण नको. आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावे.

आपला,
देवगड तालुक्यातील एक नागरिक