तूप की भात?

यंदा मंडळाच्या दिवाळी फराळाला चिवड्यापेक्षा 'कीटो'चीच चर्चा जास्त! आम्हीही त्यातलेच. इथे आल्यापासून सरकारी सल्ला शिरसावंद्य मानून तूप बंद केलं, स्किम दूध आणलं. भाताचा डोंगर मात्र तसाच. १९९२च्या सरकारी पिरॅमिडच्या पायथ्याशी धान्यच तर होतं! परिणाम, दोन वर्षांपूर्वी ए-वन-सी ६.१. मग भात-पोळी बंद, तूप-चीज मनसोक्त. तीन महिन्यांत ए-वन-सी ५.६ वर आलं, पण एलडीएल १२० वरून थेट १७०! आमचे वडील ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. हे हसण्यावारी कसं न्यावं?

सरकारच्या २०१५-२०च्या सल्ल्यातून कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा गेली, अंडी सुटली! संपृक्त चरबीची १० टक्क्यांची अट मात्र राहिली. इंजिनिअरी हिशेब मांडला : २००० कॅलरींना २२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अडीच मोठे चमचे तूप. तेवढं तर आम्ही कॉफीतच घालत होतो! साखर उतरली ती भात सुटल्याने. तुपाचं श्रेय आम्हीच उगाच लावलं होतं.

सध्या भात एक वाटी, वरणावर तूप एक छोटा चमचा. आई फोनवर विचारते, "तूप कुणी मोजून वाढतं का रे?" पुढची तपासणी मार्चमध्ये.