मळी, मोह आणि परवाना



आपला ऊस गव्हाणीत पडला की साखर निघते आणि मागे उरते ती मळी. मळीपासून आसवनीत स्पिरिट, स्पिरिटपासून देशी दारू. बाटलीत भरून शिक्का मारला की सरकारला अबकारी मिळते. त्याच उसाचा काळा गूळ कुणी नवसागर घालून नाल्याकाठी मडक्यात आंबवला, की तो गुन्हेगार. गूळ किराण्यात मिळतो, नवसागरही मिळतो (कल्हईवाल्याला लागतो ना!). दोन्ही एका पिशवीतून नेले तर कोण हटकतो?

हातभट्टीची बाजू मी घेत नाही. तिनं घरं बुडालेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती मेथॅनॉलनं. ते काही घरच्या चुलीवर झालेलं नव्हतं, कारखानदारीतला रासायनिक माल होता तो.

1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याप्रमाणे प्यायलासुद्धा परवाना लागतो. दुकानाच्या खिडकीवर तो किती जणांना विचारला जातो, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. सडव्याचं मडकं सापडलं की मात्र लगेच पंचनामा!

मोहाचं तर विचारूच नका. मोहफुलं वेचण्यावरची बंधनं सरकारनं 2021 मध्ये सैल केली; गाळणं गुन्हाच राहिलं. सातपुड्यात हद्दीपलीकडे, मध्य प्रदेशात, आदिवासींना घरच्यापुरती गाळायची मुभा आहे. अलीकडे जळगाव जामोदच्या अंगाला त्यांच्याच सोयऱ्यांना ती नाही. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, शेतकऱ्याचं भलं होईल म्हणून. विरोध झाला, ते राहिलं. पण द्राक्षवाल्याचा कळवळा आला, मोहवाल्याचा का येऊ नये?

आणि आमच्या आयाबहिणींनी गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचं म्हटलं, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्या दिवशी मजुरीला गेलेली बाई आपोआप दुकानदाराच्या बाजूची धरली जाते.

माझं म्हणणं एवढंच, की घरच्यापुरतं गाळणारा आदिवासी आणि विक्रीचा धंदा करणारा यांना एका कलमात कोंबू नये, आणि परवाना खिडकीवरही तपासावा. वार्षिक सभेत मळीच्या दराचा विषय निघेल तेव्हा मी हे मांडणार आहे. सभासदांनी ऐकून घ्यावं.

— एक ऊस उत्पादक सभासद, मलकापूर