जहाजावरील तपासणी आणि प्रवाशांचा रोष

समोर किनारा दिसतो आहे, बंदरावरची माणसे दिसत आहेत, परंतु उतरण्याची परवानगी नाही, अशा स्थितीत जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोन हजार माणसे मार्मागोवा बंदरापाशी अडकून पडली होती. नववर्षाचा आनंद लुटण्यासाठी मुंबईहून गोव्याकडे निघालेले ‘कॉर्डेलिया’ हे ते पर्यटन-जहाज. जहाजावरील एका कर्मचाऱ्यास कोरोनाची बाधा झाल्याचे आढळले, म्हणून सर्वांची तपासणी करण्यात आली आणि त्यात ६६ जण बाधित निघाले. बाधितांनी गोव्यात उतरून विलगीकरणात राहावे, असे तेथील आरोग्ययंत्रणेचे म्हणणे होते. काहींनी त्यास साफ नकार दिला. अखेर जहाज आल्या वाटेने मुंबईस परतले, तेथे पुन्हा तपासणी झाली, आणखी १४३ जण बाधित आढळले व एकूण आकडा २०९ वर गेला.

या प्रकरणाची त्या वेळी जी चर्चा झाली तिचा सूर ठरीव होता. पैसेवाल्यांचे हे चोचले आहेत, साथीच्या दिवसांत यांना जलविहार सुचतोच कसा, आणि नियम पाळावयाची वेळ आली की यांचा पारा चढतो, असे बोलले गेले. हा राग अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. तथापि नकार देणाऱ्या त्या प्रवाशांनी तपासणीला विरोध केला नव्हता, ही गोष्ट या चर्चेत निसटून गेली. त्यांनी तपासणीसाठी नाकातोंडात काड्या घालून घेतल्या, अहवालाची वाट पाहिली आणि अहवाल हाती आल्यानंतरच ते अडून बसले. परक्या गावी कोणत्या रुग्णालयात नेणार, किती दिवस ठेवणार, त्याचा खर्च कोणी करावयाचा, सोबतच्या निरोगी माणसांनी कोठे जावयाचे आणि परतीची व्यवस्था काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर प्रवासाला निघताना त्यांना ठाऊक नव्हते. प्रवाशांचा रोष तपासणीवर क्वचितच असतो. तपासणीच्या पलीकडे जो अंधार असतो त्याला माणसे भितात, आणि भ्यालेला माणूस हटवादी दिसतो.

या साथीतील जहाजांचा इतिहास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज रोखून धरण्यात आले तेव्हा त्यावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांना अखेर बाधा झाली. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत बसविण्यात आले. ज्यांच्या खोलीला सज्जा होता त्यांना निदान समुद्र आणि सूर्य दिसत होता. आतल्या बाजूच्या खोल्यांना खिडकीच नव्हती. तरीही प्रवासी हे प्रवासीच होते. त्यांच्यासाठी विलगीकरण होते, दारापाशी जेवण येत होते आणि त्यांच्या तक्रारी जगभरच्या वृत्तपत्रांत छापून येत होत्या. जेवण आणून देणारे जे हजारावर कर्मचारी होते त्यांचे काय? ते लहान खोल्यांतून दोघे-दोघे, चौघे-चौघे राहत होते, एकत्र जेवत होते आणि दिवसभर काम करीत होते. एकाच जहाजावर, एकाच विषाणूसमोर, एका वर्गाने अलग राहावे आणि दुसऱ्याने त्याची सेवा करावी, असा हा नियम होता. त्या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांपैकी प्रवासी अवघे सहा; बाकीचे १३२ कर्मचारी. आपणास सोडवावे अशी याचना करणारी त्यांची चित्रफीत भारतात पोहोचली तेव्हा कोठे आपल्याकडे या प्रश्नाची जाणीव झाली. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीय विमानाने दिल्लीस आले आणि मानेसर येथील लष्कराच्या केंद्रात १४ दिवस राहिले. त्या १४ दिवसांबद्दल त्यांनी फारशी कुरकूर केल्याचे ऐकिवात नाही. मुदत ठाऊक होती, जागा ठाऊक होती, आणि खर्च सरकारचा होता.

गोव्याच्या आणि कोकणपट्टीच्या गावांना ही कथा परकी वाटणार नाही. तेथील कितीतरी घरांची चूल बोटीवरच्या पगारावर पेटते. एप्रिल २०२० मध्ये ‘मॅरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या दाराशी येऊन थांबले, आणि स्वदेशाचा किनारा समोर असताना त्यांना काही दिवस उतरता येईना. कारण असे, की टाळेबंदीच्या हुकुमांत खलाशी घरी कसा येणार याचा विचारच झालेला नव्हता. २१ एप्रिलला केंद्राने त्याविषयीची कार्यपद्धती जाहीर केली आणि २३ एप्रिलला ही माणसे जमिनीवर उतरली. दोन पानांच्या एका परिपत्रकाने जे साधले ते आधीच का साधले नाही, हा प्रश्न त्या वेळी विचारणाऱ्यांना देशद्रोही वगैरे ठरविण्याची घाई झाली नाही, एवढे आपले नशीब म्हणावयाचे.

कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खाप्यासारख्या गावातून समुद्रावरच्या या गोष्टींची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. प्रस्तुत लेखकाने जहाजात कधी पाऊल ठेवलेले नाही हेही खरे. परंतु जहाज हे केवळ पाण्यावर असते असे नाही. ज्यातून मध्येच उतरता येत नाही आणि ज्याच्या पुढच्या थांब्यावर आपले काय होणार हे माहीत नसते, ते प्रत्येक वाहन साथीच्या काळात जहाजच होते. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशने महाराष्ट्रातून येणाऱ्या बसगाड्या बंद केल्या, तेव्हा सावनेर तालुक्यातील माणसांना हा अनुभव आला. इकडच्या लेकी सौंसर-पांढुर्ण्यात दिलेल्या, तिकडच्या सुना इकडे आलेल्या, भाषा एक, बाजार एक. आणि मध्ये एकाएकी नाका उभा राहिला. अहवाल दाखवावयाचा की नाही, किती तासांपूर्वीचा चालेल, मयतीला जाणाऱ्यास सवलत आहे काय, याची उत्तरे नाक्यावरच्या शिपायाच्या मर्जीवर होती. लोक संतापत. आडवाटेने जात. नियम मोडण्याची त्यांना हौस नव्हती, नियम नेमका काय तेच कळत नव्हते.

त्याआधी एक वर्ष, मार्च २०२० मध्ये, नागपुरातील एका रुग्णालयातून काही संशयित रुग्ण अहवाल येण्यापूर्वीच घरी निघून गेले होते आणि प्रशासनाला त्यांना परत आणावे लागले होते. त्याच सुमारास राज्य शासनाने घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारावयास प्रारंभ केला. दोनच दिवसांत, १८ मार्चला, परदेशाहून आलेले आणि हातावर शिक्का असलेले चौघे प्रवासी ‘गरीब रथ’ गाडीतून पालघर येथे उतरविण्यात आले. सहप्रवाशांनी शिक्का पाहून गलका केला होता. येथे प्रवाशांची प्रतिक्रिया उलट दिशेची होती: नियम कडक आहे अशी त्यांची तक्रार नव्हती, तो पुरेसा पाळला गेला नाही अशी होती. आपल्या हातावर शिक्का असला म्हणजे जुलूम आणि शेजाऱ्याच्या हातावर असला म्हणजे संरक्षण, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे. कायदा करणाऱ्याने ती गृहीत धरावयास हवी.

आणि कायदा म्हणाल तर तो १८९७ चा. मुंबईत प्लेग फोफावला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. मुंबईहून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी कल्याणसारख्या स्थानकांवर होत असे. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना खाली उतरवून, रांगेत उभे करून तपासले जाई, वरच्या वर्गाला मात्र अदब राखून. पुण्यात रँडच्या अमलाखाली घरझडत्या झाल्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले ते सर्वश्रुत आहे. त्या काळच्या असंतोषाचे कारण ‘अडाणी लोकांचा आरोग्यशास्त्राला विरोध’ असे गोऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदविले. वास्तविक बायामाणसांची विटंबना, देवघरात शिरणारे सोल्जर आणि इस्पितळात नेलेला माणूस परत येतो की नाही याची धास्ती, ही खरी कारणे होती.

हा छोटासा कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांचे विलगीकरण करण्याचा अधिकार तो सरकारला देतो. बंदरात येणारी-जाणारी जहाजे तपासणे आणि त्यांतून जाऊ इच्छिणाऱ्यांस रोखून ठेवणे, हेही त्यात आहे. हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा आहे. सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास दाव्यापासून संरक्षण आहे. आणि एका कोपऱ्यात असेही म्हटले आहे, की या उपायांचा खर्च, व नुकसानभरपाई द्यावयाची झाल्यास ती, कोणी व कशी सोसावी हे सरकार ठरवू शकेल. ‘ठरवू शकेल’! म्हणजे जहाजावरच्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाला सव्वाशे वर्षांपूर्वी जागा ठेवलेली होती. ती जागा मुंबईहून सुटणाऱ्या प्रवाशापुरती कोरीच राहिली. एप्रिल २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यांस जबर शिक्षा ठेवण्यात आली, आणि ते योग्यच झाले. प्रवाशाच्या हक्काचा विषय मात्र तेव्हाही निघाला नाही.

मुखपट्टीची गोष्ट थोडी निराळी. तिच्यात कोणाला कोठे न्यावयाचे नव्हते, काही पैशांचे कापड तोंडावर बांधावयाचे होते. तरी तिच्याइतकी भांडणे दुसऱ्या कशावरून झाली नसतील. जहाजावर जेवणाच्या मेजाकडे चालत जाताना पट्टी हवी आणि मेजावर बसताच, शेजारी दहा माणसे मोठ्याने हसत-बोलत असताना, ती नको, हा नियम ऐकून कोणाही समंजस माणसाला हसू येईल. सभांच्या व्यासपीठांवर पुढाऱ्यांच्या पट्ट्या हनुवटीवर आणि मुंबईच्या रस्त्यावर पट्टी घसरलेल्या पादचाऱ्यास २०० रुपये दंड, हे चित्र महाराष्ट्राने पाहिले. खाप्याजवळच्या गुमगाव येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. तेथे शिरस्त्राणावाचून कोणी खाली उतरत नाही. शिरस्त्राण घामाने भिजते, जड असते, पण त्यावरून वाद घातल्याचे कोणी ऐकले नाही. कारण कामगाराबरोबर उतरणाऱ्या अभियंत्याच्या आणि तपासणीस आलेल्या साहेबाच्या डोक्यावरही तेच असते. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. त्याच महिन्यात अमेरिकेतील एका न्यायालयाने प्रवासातील मुखपट्टीची सक्ती रद्द ठरविली, तेव्हा हवेत असलेल्या विमानांत लोकांनी पट्ट्या काढून टाळ्या पिटल्या. शेजारच्या आसनावर एखादा अशक्त वृद्ध बसला असेल, हे त्या टाळ्यांत कोणाच्या ध्यानी आले नसावे. मुखपट्टी मुख्यतः दुसऱ्यासाठी असते ही गोष्ट दोन वर्षे सांगूनही पटली नव्हती. दंडाची पावती हातात देऊन ती पटणारही नव्हती.

याचा अर्थ प्रवाशांची बाजू निखळ आहे असा मुळीच नव्हे. ताप लपवून गाडीत बसणारे होते, पैसे टाकून खोटे अहवाल मिळविणारे होते. गोव्यात ६६ आणि मुंबईत आणखी १४३ हे आकडेच सांगतात, की बंद जागेत एकत्र राहणाऱ्यांत ही बाधा किती झपाट्याने पसरत होती. तेव्हा जहाज रोखणाऱ्या अधिकाऱ्यांचा निर्णय चूक म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे गोव्याची लोकवस्ती होती. चौदाव्या शतकात एड्रियाटिक समुद्रावरील रगुसाने परक्या जहाजांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला, पुढे ते चाळीस दिवस झाले आणि त्यावरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. त्या खलाशांनाही नियम कडक वाटलाच असेल. परंतु किती दिवस, हे त्यांना बंदरात शिरण्यापूर्वी माहीत होते.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत ‘क्रूझ भारत’ मोहिमेचा प्रारंभ केला असून २०२९ पर्यंत जलपर्यटकांची संख्या दुप्पट करण्याचा तिचा संकल्प आहे. जहाजे वाढतील, त्यांवर स्वयंपाक करणारी, चादरी बदलणारी, इंजिनापाशी राबणारी आपली मुलेही वाढतील. दुसरीकडे, विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे नमूद करून त्यात सुधारणा करावी अथवा नवा सर्वंकष कायदा आणावा, आणि साथीच्या प्रसंगी केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांनी काय करावयाचे याची योजना आधीच आखून ठेवावी, अशी शिफारस केली आहे. या दोन कागदांची एकमेकांशी गाठ घालून देणे कोणत्या खात्याचे काम, हे ठरलेले दिसत नाही. बंदरे एका मंत्रालयाकडे, आरोग्य दुसऱ्याकडे, आणि बाधित प्रवासी ज्या शहरात उतरणार तेथील रुग्णालय महापालिकेकडे किंवा राज्याकडे.

तरतूद फार मोठी नको आहे. जहाज सुटण्यापूर्वी, मार्गावरील कोणत्या बंदरात बाधितांना उतरवून घेतले जाईल हे लेखी ठरलेले असावे. विलगीकरणाचा खर्च कंपनीने उचलावयाचा की विमा कंपनीने की शासनाने, ते तिकिटावर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत छापलेले असावे. आणि जो नियम प्रवाशाला, तोच भटारखान्यातील पोऱ्याला. त्याला स्वतंत्र खोली देता येत नसेल, तर तितके प्रवासी कमी घ्यावेत. पुढचे जहाज मार्मागोव्याबाहेर अडकेल त्या दिवशी हा कागद शोधीत बसण्यापेक्षा तो मुंबई बंदराच्या तिकीटखिडकीवर आजच लावणे सोपे आहे.