स्वयंसेवक कोणाला म्हणावे?

शिरूर आणि दौंड या भागांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना ‘स्वयंसेवक’ हा शब्द राष्ट्रीय सेवा योजनेमुळे परिचित आहे. शिबिरात घाम गाळून बंधारा घालणारी मुले, ती स्वयंसेवक. सुगंधी द्रव्यांची माणसाच्या त्वचेवर चाचणी घेणारेही हाच शब्द वापरतात, आणि आमचा आक्षेप तिथेच सुरू होतो.

चाचणी अशी: द्रव्य लावलेली पट्टी सुमारे १०० माणसांच्या पाठीवर किंवा दंडावर तीन आठवड्यांत ९ वेळा चिकटवायची, दोनेक आठवडे थांबायचे, मग कोऱ्या जागी पुन्हा एकदा लावायची. पुरळ उमटले नाही तर द्रव्य निर्धोक. उमटले तर? शरीराने त्या द्रव्याशी धरलेले वैर बहुधा जन्मभर सुटत नाही. पुढे साबणात, तेलात, पावडरीत ते भेटेल तिथे खाज. आधी नसलेले दुखणे सेवेत पदरी पडते!

मात्रा अल्प असते, पारख आधीच झालेली असते, ही चाचणी केवळ खात्रीसाठी, असे समर्थक म्हणतात. पण खात्री असेल तर माणूस कशाला हवा? आणि नसेल तर त्याच्यावर प्रयोग कोणत्या अधिकाराने? अशी भाकिते माणसांवर तपासू नयेत, असे युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००० सालीच म्हटले होते. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांसाठी प्राण्यांवरील चाचण्या बंद केल्या. उत्तमच झाले. मात्र माणसाच्या पाठीचे काय, हे कोणी विचारले नाही.

फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग केले. कैद्यांना पैसे मिळत, आणि त्यांनाही स्वयंसेवकच म्हणत. शहराने माफी मागितली ती २०२२ साली. आपल्याकडे अशा पैशाला ‘मानधन’ हा भारदस्त शब्द आहे. गरजेपोटी पाठ देणाऱ्याचा त्यात कोणता मान, ते आम्हांस कळलेले नाही.

संमतीपत्र मराठीत छापले म्हणूनही भागत नाही. त्यात ‘संवेदनीकरण’ असे लिहिले तर आमचा एम. ए.चा विद्यार्थीही अडेल. ‘ही अ‍ॅलर्जी कायमची जडू शकते’ हे पाच शब्द कोणालाही कळतात. ते लिहायला काय हरकत आहे?

आणि कळूनही तो माणूस सावध कसा राहणार? युरोपात २००५ पासून २६ सुगंधी अ‍ॅलर्जीकारकांची नावे ठरावीक प्रमाणापुढे वेष्टनावर छापावी लागतात. २०२३ च्या नियमाने ती यादी ८० च्या पुढे नेली. दौंडच्या बाजारात साबणाचे वेष्टन उलटून पाहावे, तर बहुधा एकच शब्द दिसतो: परफ्यूम.